खाज गेली, गजकर्ण राहिलं: नागपुरातल्या एका घराची पूर्ण केस

ही केस सुरू झाली एका माणसाची म्हणून आणि निघाली अख्ख्या घराची, त्यामुळे जरा लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा. ओळख पटेल असं सगळं बदललंय. पेशंटला आपण भाऊ म्हणू, नागपुरात तसेही सगळे भाऊच.

भाऊचं वय २७. महालकडे एका सावजी भोजनालयात भट्टीवर असतो. सकाळी मसाला भाजायचा, मग रस्सा, मग दुपारची गर्दी, मधे थोडी सुट्टी आणि परत रात्री साडेअकरापर्यंत तेच. वर पत्रा, समोर दोन भट्ट्या, एक एक्झॉस्ट पंखा जो फिरतो खरा पण हवा कुठे नेतो देव जाणे. अंगात टाइट जीन्स, कमरेला करकचून बांधलेला अ‍ॅप्रन. मार्चच्या शेवटी आला तेव्हा खुर्चीत नीट बसताही येत नव्हतं. म्हणाला, "गजकर्ण आहे मॅडम. नऊ महिने झाले. जाते नं येते, जाते नं येते. खाजवून खाजवून जीव जाऊन राहिला."

मला त्या "जाते नं येते" मधेच रस होता, म्हणून आधी तेवढंच खोदून खोदून विचारलं.

तर सुरुवात आदल्या वर्षीच्या जूनमधे. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपला, पहिले पाऊस पडले आणि डाव्या जांघेत रुपयाएवढा गोल चट्टा उठला. कडा लाल, कडेवर बारीक खपली, मधला भाग बऱ्यापैकी साफ. खाज अशी की भट्टीवर उभं राहवत नाही. आता जांघेतली गोष्ट दाखवायची कुणाला, म्हणून हा गेला कोपऱ्यावरच्या मेडिकलमधे, हळू आवाजात सांगितलं, काउंटरवरच्या माणसाने काही न बघता एक ट्यूब हातात दिली. दोन दिवसात खाज बंद. पाचव्या दिवशी चट्टा दिसेनासा. ट्यूब ठेवून दिली कपाटात. दहाबारा दिवसांनी तिथेच परत, या वेळी जरा मोठा. परत तीच ट्यूब, परत आराम. दिवाळीपर्यंत दोन्ही जांघा आणि नितंब, संक्रांतीपर्यंत कमरेभोवती पट्टा आणि पोट, आणि होळीच्या आधी उजव्या गालावर दाढीत. मधल्या काळात कुणी लसूण ठेचून लावायला सांगितला, लावला, त्याने कातडी भाजून फोड आले (लसणाने खरंच भाजतं, केमिकल बर्न म्हणतात त्याला, प्लीज कुणी करू नका). लिंबू झालं, अंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिक झालं. पण मुख्य भरवसा ट्यूबवर, त्याच्याच हिशोबाने विसाच्या वर ट्यूबा संपल्या.

मी विचारलं की इतक्यांदा परत आलं तरी दाखवलं का नाही. तर म्हणाला, "लावलं का दोन दिवसात गायब होते मॅडम. मंग डॉक्टरकडे कशाले जाऊ?"

आणि खरं सांगू का, मला यात त्याचा मूर्खपणा दिसत नाही. साध्या माणसाकडे औषध चाललं की नाही हे तपासायला दोनच गोष्टी असतात, त्रास कमी झाला का आणि दिसायचं बंद झालं का. त्या ट्यूबने दोन्ही परीक्षा फर्स्ट क्लासमधे पास केल्या. लोचा हा आहे की कातडीच्या बाबतीत या दोन्ही परीक्षा फसवतात, आणि का फसवतात हे कळायला कातडी काम कसं करते ते थोडं बघावं लागेल.

कातडीच्या आत काय चाललं होतं

ट्यूब त्याने खिशातूनच काढून दाखवली, पिळून पिळून चपटी झालेली. मागे मुंगीएवढ्या अक्षरात क्लोबेटासोल, त्याच्यासोबत बुरशीचं एक औषध (गजकर्ण हा बुरशीचाच आजार) आणि एक अँटिबायोटिक. क्लोबेटासोल म्हणजे लावायच्या स्टेरॉइडमधला (सूज आणि खाज दाबणाऱ्या मलमांमधला) सगळ्यात तगडा गट, साध्या हायड्रोकॉर्टिसोनच्या साधारण ६०० पट तीव्र धरतात. औषध वाईट नाहीये, तळहातावरच्या जाड सोरायसिसला मी स्वतः लिहून देते, थोड्या दिवसांसाठी, लक्ष ठेवून. पण जांघेत आणि बुरशीवर? नाही म्हणजे नाही.

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. कॅरेटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या चपट्या पेशी आणि त्यांच्यामधे सेरामाइड नावाची चरबी, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिडचं सारण. तळहात-तळपाय सोडले तर हा थर बहुतेक ठिकाणी फक्त १० ते २० मायक्रॉन जाड, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा ते पन्नासावा भाग. एवढ्याशा थरावर पाणी आत ठेवायचं आणि बाहेरचे जंतू, केमिकल बाहेर ठेवायचे हे सगळं काम चालतं. खाली तळाच्या (बेसल) थरात नवीन पेशी बनत राहतात, वर सरकतात, मरतात, झडतात, आणि या सगळ्या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. वरच्या या थरात रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत, जिवंत पेशी नाहीत. गजकर्णाची बुरशी नेमकी तिथेच राहते आणि कॅरेटिन खाते. म्हणजे ती बसली आहे आपल्याच अंगावर, पण अशा जागी जिथे आपली फौज सरळ पोचत नाही.

मग शरीर काय करतं? बुरशीने सोडलेले पदार्थ खालच्या जिवंत पेशींपर्यंत झिरपतात, तिथून बोंब उठते, रक्तवाहिन्या फुगतात, पांढऱ्या पेशी येतात, कातडी लाल होते, खाज सुटते. आणि यात एक गोष्ट फार कुणाला माहीत नसते, या सगळ्या गडबडीत खालच्या पेशी नेहमीपेक्षा जोरात वाढायला लागतात आणि वरचा मेलेला थर भराभर झडतो, बुरशीसकट. ती जी खपली दिसते ना, ती बुरशीला बाहेर ढकलायचीच धडपड असते. मधला भाग आधी साफ होतो, बुरशी नवीन कॅरेटिनच्या शोधात बाहेर सरकते, म्हणून गोल रिंगण दिसतं. म्हणजे जो लालपणा आणि जी खाज आपल्याला रोग वाटते तिच्यात बराचसा भाग कातडीच्या लढाईचा असतो.

स्टेरॉइड ही लढाईच बंद करतं. रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, खाज थांबते, पेशींचं वाढणं मंदावतं, खपली झडत नाही. बुरशीला आयतं घर आणि आयतं जेवण. सोबतचं बुरशीचं औषध काहीतरी करतं, पण थर बदलायलाच महिना लागतो आणि भाऊने पाचव्या दिवशी ट्यूब कपाटात ठेवलेली. स्टेरॉइड सुटलं की दबलेली सूज दुप्पट जोराने वर येते, तोवर बुरशी पसरलेली असते, आणि माणसाला वाटतं की गजकर्ण नवीन झालं. नवीन काही नाही, ते गेलंच नव्हतं.

भाऊला मी हे त्याच्याच भाषेत सांगितलं की गंजात (पातेल्यात) रस्सा करपून राहिला, वास येऊन राहिला आणि तू नाक दाबलं, वास गेला, पण रस्सा? तो हसला, मग एकदम गप्प झाला.

हा काही आजचा शोध नाही. स्टेरॉइडमुळे रूप बदललेल्या गजकर्णाला टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात, म्हणजे वेष पालटून फिरणारं गजकर्ण, आणि त्याचं वर्णन १९६८ सालीच ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी करून ठेवलंय. आपल्याकडे ते ओपीडीतलं रोजचं जेवण झालंय, एवढाच फरक.

आता जागेचं. शरीरावर सगळीकडे मलम सारखं मुरत नाही. १९६७ मधे हायड्रोकॉर्टिसोनवर एक मोजणी झाली होती, त्यात कोपराखालच्या हातावर जेवढं मुरतं ते १ धरलं तर कपाळावर ६ पट, जबड्यावर १३ पट आणि अंडकोषाच्या कातडीवर ४२ पट मुरलं, तळपायावर मात्र जेमतेम सातवा हिस्सा. म्हणजे भाऊ सगळ्यात तगड्या गटातलं स्टेरॉइड अशा भागात लावत होता जो भाग ते भरपूर पितो, त्यावर टाइट जीन्स, त्यावर घाम. दाबून झाकलं की अजून जास्त आत जातं.

तपासणीत काय दिसलं

जांघेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला जांभळट लाल पट्टे, गरोदरपणात पोटावर येतात तसे. स्टेरॉइडने खालच्या थरातलं कोलाजन (कातडीला ताकद देणारं प्रथिन) बनणं मंदावतं, कातडी पातळ होते आणि ताण आला की आतून फाटते, तेच हे. पोटावर एका रिंगणात दुसरं रिंगण, आणि हे दिसलं की आजकाल मी आधी ट्यूबच मागते बघायला. गालावर तर रिंगण नव्हतंच, नुसते लालसर पुळ्यांचे पुंजके, त्याने ते पिंपल्स समजून तिथेही तीच ट्यूब लावलेली.

कडेची थोडी खपली खरवडून काचेवर घेतली, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, जरा वेळ ठेवली आणि मायक्रोस्कोपखाली बघितली. कॅरेटिन विरघळतं आणि बुरशीच्या फांद्या फुटलेल्या दोऱ्या उरतात. भाऊच्या स्लाइडवर दोऱ्यांचं जाळंच होतं. त्याला मुद्दाम डोळा लावून बघायला लावलं, कारण बघितलेलं माणूस विसरत नाही.

बुरशी कुठली हे माझ्या क्लिनिकच्या मायक्रोस्कोपवर कळत नाही, पण एक सांगते. गेल्या दहाएक वर्षांत आपल्या देशात गजकर्णाचा स्वभावच बदललाय. पूर्वी टर्बिनाफिन हे बुरशीचं औषध दोन-तीन आठवडे दिलं की विषय संपायचा, आता संपत नाही. २०२० मधे जपानी संशोधकांनी या नव्या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं, हो, आपल्या देशाच्या नावावरून. तिच्यातल्या बऱ्याच जणी टर्बिनाफिनला दाद देत नाहीत, कारण औषध ज्या एन्झाइमवर जाऊन बसतं त्याच्याच जीनमधे बदल झालाय. २०२३ मधे न्यूयॉर्कलाही केसेस सापडल्या. स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबांचा अर्धवट वापर हे तिच्या फैलावाचं एक मोठं कारण असावं असं आमच्या क्षेत्रात बहुतेकांना वाटतं, मलाही वाटतं.

इलाज, आणि तो अडकला कुठे

ट्यूब बंद. पहिले दहा-पंधरा दिवस खाज आणि लाली वाढणार हे तोंडावर सांगितलं, कारण हे आधी सांगितलं नाही तर पेशंट चौथ्या दिवशी परत ट्यूबकडेच जातो. खाजेसाठी रात्रीची गोळी. पोटातून इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल, लिव्हरची तपासणी करून मग, आणि लावायला नुसतं बुरशीचं क्रीम, चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जास्त. डोस मुद्दाम लिहीत नाहीये, कारण उद्या कुणीतरी हा मजकूर दाखवून मेडिकलमधून कॅप्सूल घेईल.

रोजचं काय करायचं तेही सांगितलं. अंघोळ दोनदा, एकदा भट्टी सुटल्यावर पण. साबण साधा आणि थोडा, कारण कातडीचा पीएच पाचच्या आसपास आम्लधर्मी असतो आणि वडीचा साबण नऊ-दहावर, दिवसातून चारदा अँटिसेप्टिक साबण घासला की ते मधलं सारण धुतलं जातं आणि कातडी अजून हुळहुळी होते. पाण्यात अँटिसेप्टिक टाकायचं नाही. घासणी नाही, दगड नाही. अंग पुसताना जांघ, काख, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या आणि कपडे मग घालायचे, ओल्यावर नाही. जांघेत खोबरेल तेल चोपडायचं नाही. जीन्स बंद, सैल कॉटनची पँट. याच्यावर तो म्हणाला, "मॅडम, मालक हसते." हसू दे म्हटलं.

तीन आठवड्यांनी आला. खाज थोडी कमी, पण चट्टे जवळपास तिथेच, कडा जिवंत, पोटावर दोन नवीन. एवढ्या दिवसांत हवी होती तेवढी सुधारणा नव्हती. गोळ्या रोज घेतो का? घेतो. जेवल्यावर? हो मॅडम, जेवल्यावरच. ट्यूब? नाही लावली, शप्पथ. मी बाकी औषधं पहिल्याच दिवशी विचारली होती, तेव्हा काही नाही म्हणाला होता, आता प्रश्न फिरवून विचारला की सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते क्रमाने सांग. चहा, खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण, त्याच्यावर वेगळा अर्धा तास गेला), आणि गॅसची गोळी. रोज. चार वर्षांपासून. "ते औषध थोडी आहे मॅडम, आमच्या लाइनमधे सगळेच घेतात."

बरोबर आहे त्याचं, दिवसभर तर्री चाखून बघणाऱ्या माणसाच्या पोटात आग पडणारच. पण इट्राकोनाझोलची साधी कॅप्सूल पोटातल्या आम्लातच विरघळते. गॅसची गोळी आम्ल कमी करते, कॅप्सूल नीट विरघळत नाही, रक्तात पुरेशी जात नाही. म्हणजे हा तीन आठवडे महागडी कॅप्सूल गिळून बरीचशी वाया घालवत होता. गॅसची गोळी त्याच्या फिजिशियनला विचारून थांबवली, कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच, आणि चाखण्याचं काम काही दिवस दुसऱ्याकडे. शेवटची अट मान्य करायला त्याला सगळ्यात जड गेली. रश्शाची चव दुसऱ्याच्या जिभेवर सोपवायची म्हणजे काय.

एवढ्याने सुधारणा सुरू झाली, पण पोटावर नवीन चट्टे का उठत होते ते यातून नीट सुटत नव्हतं. म्हणून म्हटलं घरच्यांना आण.

घर

आई, मोठा भाऊ म्हणजे दादा, वहिनी आणि त्यांची चार वर्षांची पोरगी. घर दोन खोल्यांचं, एक कूलर. कूलरबद्दल इथे थोडं बोलायलाच पाहिजे. मे महिन्यात नागपूरची हवा कोरडी ठक्क असते, घाम येतो तसा उडून जातो, कूलर मस्त चालतो. जुलैमधे हवेतच पाणी, त्यात कूलर चालू ठेवला की खोलीत अजून दमट होतं, घाम अंगावरच बसतो, कातडीच्या घड्या ओल्या राहतात. गजकर्णाला नुसती गरमी नाही लागत, ओल लागते. म्हणून आमच्याकडे नवतप्यात घामोळ्या जास्त आणि पाऊस सुरू झाला की गजकर्णाची रांग. भाऊच्या भोजनालयात तर बाराही महिने जुलैच, रश्शाची वाफ आहे नं.

पोरीच्या दंडावर एक चट्टा होता आणि गालावर एक, छोटे, ताजे, छान गोल, कारण तिला कुणी ट्यूब लावली नव्हती. वहिनींना काही नव्हतं. आईला कमरेला परकराच्या नाडीच्या रेषेत आणि छातीखाली. दादा म्हणाला, "मले काही नाही मॅडम, मी फिट आहे." वहिनी एक सेकंदही थांबल्या नाहीत, "खोटं बोलून राहिले हे. रात्रभर खाजवते माणूस, मीच झोपत नाही." दादा लाल. पडद्यामागे जाऊन बघितलं तर दोन्ही जांघा भरलेल्या, आणि तीच ट्यूब, भाऊच्याच कपाटातली. दोघेही एकमेकांपासून लपवून एकच ट्यूब वापरत होते, आता यावर हसावं की काय करावं सांगा.

बाकी जोडणी सोपी होती. दोघा भावांचा एकच दुपट्टा, जो बाईकवर तोंडाला बांधायचा आणि नंतर घाम पुसायला कुठेही फिरायचा, भाऊच्या गालावर बहुतेक तिथूनच पोचलं. टॉवेल दोन, माणसं पाच. वॉशिंग मशीन होती, पण सगळ्यांचे कपडे एकत्र, थंड पाण्यात, वीस मिनिटांचं क्विक वॉश. झडलेल्या खपल्यांमधे बुरशीचे बीजाणू कित्येक महिने तग धरतात, आणि थंड पाण्यात एकत्र धुतलं म्हणजे एकाचे बीजाणू दुसऱ्याच्या चड्डीत. साधारण ६० डिग्रीच्या पाण्यात मात्र ते मरतात. म्हणून भाऊ, दादा आणि आईचे आतले कपडे आणि टॉवेल वेगळे, कढत पाण्यात भिजवून, मग उलटे करून गच्चीवर कडक उन्हात. एप्रिल-मेमधे नागपूरकराला निदान या बाबतीत तरी तक्रार करायला जागा नाही. दुपट्टे प्रत्येकाचे वेगळे, वहिनींनी रंग ठरवून टाकले.

करदोड्यावर मात्र गाडी अडली. दोन्ही भावांच्या कमरेला काळा करदोडा, वर्षानुवर्षं तोच, घामाने आणि साबणाने कडक झालेला, आणि भाऊच्या कमरेवरचा पट्टा नेमका त्याच रेषेत. काढा म्हटलं तर आई म्हणाल्या, "करदोडा काढायचा नसते मॅडम, लहानपणापासून आहे त्यायच्या कमरेले." मी श्रद्धेच्या वादात पडत नाही, त्याने फक्त पेशंट जातो. म्हटलं, काकू, इलाज चालू आहे तोवर काढून देवापाशी ठेवा, आणि पूर्ण बरं झाल्यावर नवा कोरा बांधा. काकूंना पटलं. नवा बांधाल तेव्हा जुना जाळून टाका एवढंच सांगितलं, तेही त्यांनी केलं.

काकूंचा स्वतःचा इलाज वेगळा करावा लागला, कारण त्यांना बीपीसाठी अ‍ॅमलोडिपिन आणि कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटॉर्वास्टॅटिन चालू. इट्राकोनाझोल या दोन्ही औषधांची रक्तातली पातळी वाढवतं, पायावर सूज, स्नायूंचा त्रास, असं काहीही होऊ शकतं. घरात एकाला मिळालेल्या कॅप्सूल दुसऱ्याने घ्यायच्या नसतात ते यासाठी. त्यांचे चट्टे कमी होते, स्टेरॉइड लागलेलं नव्हतं, म्हणून नुसतं क्रीम दोन वेळा, नाडीची जागा रोज थोडी वर-खाली, आणि छातीखाली सुती कापडाची घडी. वेळ लागला पण गेलं. पोरीचं तर क्रीमवरच महिन्याभरात गेलं. दादाला भाऊसारखाच कोर्स.

शेवटी काय झालं

गॅसची गोळी थांबल्यापासून मोजलं तर भाऊला सगळं मिळून नऊ आठवडे लागले. चट्टे सहाव्या आठवड्यातच दिसेनासे झाले होते आणि त्याला तिथेच थांबायचं होतं, साहजिक आहे, त्याची जुनी परीक्षा तीच. परत स्लाइड केली, कडेला अजून दोऱ्या होत्या, त्यालाच दाखवल्या. मग पुढचे तीन आठवडे त्याने काही न बोलता औषध घेतलं. शेवटची स्लाइड साफ.

मांडीवरचे पट्टे राहणार. जांभळे आहेत ते पांढुरके होतील, पण जाणार नाहीत, हे मी गोड बोलून झाकलं नाही. पोटावर आणि गालावर काळपट डाग राहिले. हे गजकर्ण नसतं. सूज आली की रंग बनवणाऱ्या पेशी जास्तीचं मेलॅनिन सोडतात, त्यातलं काही खालच्या थरात पडतं आणि तिथून निघायला महिने लागतात. आपल्या सावळ्या कातडीत हे जास्तच दिसतं. गालावर सनस्क्रीन आणि स्वच्छ दुपट्टा, बाकी धीर. इथे मी त्याला सगळ्यात जास्त वेळ दिला, कारण याच पायरीवर लोक डाग घालवायची क्रीम आणतात आणि त्यातल्या कितीतरी क्रीममधे परत मोमेटासोनसारखं स्टेरॉइडच असतं. मग चेहरा गोरा, मग पातळ, मग उन्हात निघालं की आग.

ट्यूबवर काय वाचायचं ते मी भाऊला लिहून दिलं, तुम्हालाही देते. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं एकही नाव मागे असेल तर ते स्टेरॉइड आहे, स्वतःहून लावायचं नाही. क्लोट्रिमाझोल आणि क्लोबेटासोल ही नावं घाईत सारखी वाचली जातात, पहिलं बुरशीचं औषध आहे आणि दुसरं बुरशीचं टॉनिक. २०१८ मधे सरकारने अशी १४ लावायची स्टेरॉइडं शेड्यूल एच मधे टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर. तुमच्या कोपऱ्यावर काय चालतं ते तुम्हीच बघा. मला काउंटरवरच्या पोराचाही फार राग येत नाही, गिऱ्हाईक दोन दिवसात खूश होऊन परत येतं तर तो कशाला दुसरी ट्यूब देईल.

ऑगस्टमधे भाऊ परत आला. उजव्या जांघेत एक चट्टा, छोटा, तीन दिवसांचा. स्लाइड पॉझिटिव्ह. पुन्हा लागण झाली की कुठे लपून राहिलं होतं हे सांगता येत नाही, या बुरशीचं असं होतं, पावसाळ्यात तर होतंच. पण या वेळी त्याने काहीच लावलं नव्हतं, कडा स्पष्ट होती, ओळखायला एक मिनिट लागलं नाही. नुसत्या क्रीमवर घेतला, चार आठवडे. दादाला सोबत आण म्हटलं होतं, तो न सांगता स्वतःच आला. जीन्स मात्र दोघांच्याही अंगात परत आली आहे, त्यावर आमची बोलणी चालू आहेत.